विश्लेषण : दिलेरखानाचा प्रस्ताव नाकारणारे महाडचे मुरारबाजी देशपांडे कोण होते? पुरंदरच्या वेढ्यात नेमके काय घडले?

१६६५ चा उन्हाळा. पुरंदर किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा आवळत चालला होता. अशा वेळी किल्ल्यातून ७०० निवडक मावळे बाहेर पडले आणि डोंगर चढून येणाऱ्या पठाणी फौजेवर तुटून पडले. त्यांचा म्होरक्या लढत लढत थेट मोगल सेनानी दिलेरखानापर्यंत पोहोचला. त्याचे शौर्य पाहून दिलेरखानाने त्याच्यापुढे जीवदान आणि मोठ्या हुद्द्याचा प्रस्ताव ठेवला. त्याने तो जागीच नाकारला आणि पुढच्या काही क्षणांत तो रणात पडला.

हे होते मुरारबाजी देशपांडे. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख बहुतेकांना चार-पाच ओळींत झालेली असते. पुरंदर, दिलेरखान, नकार आणि बलिदान एवढेच लक्षात राहते. मात्र त्यांच्या आयुष्यातला एक टप्पा फारसा सांगितला जात नाही. ज्या स्वराज्यासाठी त्यांनी प्राण दिले, त्याच्याच विरोधात नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तलवार उपसली होती. मग ज्याने एकदा बाजू बदलली होती, त्याने दुसऱ्यांदा ती बदलायला नकार का दिला? महाड-पोलादपूरच्या मातीशी या कथेचा काय संबंध आहे? जाणून घेऊया.

मुरारबाजी मूळचे कुठले?

मुरारबाजींचे नाव महाड तालुक्यातील किंजळोली गावाशी जोडले जाते. हा सगळा परिसर सावित्री नदीच्या खोऱ्यातला. एका बाजूला महाड बंदरातून चालणारा व्यापार, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि त्या भिंतीपलीकडे जावळीचे घनदाट जंगल. आज महाडहून वरंध घाटाने भोरला किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना जो मुलूख लागतो, तोच त्या काळी कोकण आणि देश यांच्यातला दरवाजा होता.

देशपांडे हे आडनाव त्या काळी एक वतन होते. परगण्याच्या जमाबंदीचा हिशेब ठेवण्याचे काम देशपांड्यांकडे असे, तर देशमुख हा परगण्याचा प्रमुख असे. म्हणजे घराण्याचा मूळ पेशा लेखणीचा. मात्र सतराव्या शतकातल्या डोंगराळ मुलखात लेखणी आणि तलवार वेगळी ठेवता येत नसे. वतन राखायचे तर माणसे जमवावी लागत आणि वेळ आली की लढावेही लागे. सभासद बखरीत मुरारबाजींचा उल्लेख मुरारबाजी परभू असा येतो. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले होते.

आधी महाराजांच्या विरोधात, मग स्वराज्यात; हे कसे घडले?

त्या वेळी जावळी मोऱ्यांकडे होती. विजापूरच्या आदिलशाहीने या घराण्याला चंद्रराव हा किताब दिला होता आणि गादीवर येणारा प्रत्येक मोरे तो लावत असे. आजच्या महाबळेश्वर, पोलादपूर आणि महाडच्या डोंगराळ भागावर त्यांची सत्ता होती. रायरी म्हणजे आजचा रायगड हा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. मुरारबाजी या मोऱ्यांच्या पदरी होते, असे परंपरा सांगते.

घाटवाटा हाती असल्याशिवाय कोकणात उतरता येत नव्हते आणि त्या वाटा मोऱ्यांच्या ताब्यात होत्या. त्यामुळे शिवाजी महाराज आणि मोरे यांच्यात संघर्ष होणे अटळ होते. जानेवारी १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली. चंद्रराव रायरीवर निसटला. महाराजांनी तिथेही वेढा घातला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रायरी स्वराज्यात आली. पुढे चंद्ररावही मारला गेला आणि मोऱ्यांची सत्ता संपली.

जावळीच्या लढाईत मुरारबाजी मोऱ्यांच्या बाजूने निकराने लढले. त्यांचे शौर्य पाहून महाराजांनी त्यांना आपल्याकडे घेतले, असे सांगितले जाते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. मुरारबाजींनी मोऱ्यांची बाजू लढाईआधी किंवा लढाई सुरू असताना सोडली नाही. ज्या घराण्याची चाकरी होती, त्याची सत्ता संपल्यावरच ते नव्या धन्याकडे आले.

महाराजांच्या कारकिर्दीत हे एकच उदाहरण नाही. पावनखिंडीत लढलेले बाजीप्रभू देशपांडे हेदेखील आधी हिरडस मावळच्या बांदल देशमुखांकडे होते. हरलेल्या बाजूची माणसे कापून काढण्यापेक्षा त्यांच्यातले पाणीदार लोक हेरून जवळ करायचे, हा महाराजांच्या राजकारणाचा एक भाग होता.

पक्ष बदलणे त्या काळी किती सामान्य होते?

आजच्या नजरेने पाहिले तर बाजू बदलणे म्हणजे गद्दारी वाटू शकते. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये मात्र ते रोजचे होते. सरदाराची निष्ठा बहुतेक वेळा वतनाशी बांधलेली असे. राज्यकर्ता बदलला तरी वतन टिकले पाहिजे, हा हिशेब. खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तीनही सत्तांकडे वेगवेगळ्या काळात चाकरी केली.

१६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातल्या देशमुखांपुढे हाच पेच होता. आदिलशहाची फर्माने आली होती. कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूने उभे राहिले, तर खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. त्याच सुमारास पोलादपूरच्या माथ्यावर उभा असलेला प्रतापगड या संघर्षाचा केंद्रबिंदू झाला होता.

महाराजांच्या अगदी जवळची माणसेही याला अपवाद नव्हती. सरनोबत नेताजी पालकर १६६६ मध्ये स्वराज्य सोडून आधी विजापूरकडे आणि नंतर मोगलांकडे गेले. दहा वर्षांनी ते परत आले आणि महाराजांनी त्यांना स्वीकारले. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, तर मुरारबाजींपुढे आलेला प्रस्ताव काय होता आणि तो नाकारणे किती वेगळे होते, हे कळते. त्यांनी तो स्वीकारला असता, तर त्या काळातल्या फार लोकांना आश्चर्य वाटले नसते.

पुरंदरवर वेढा का पडला?

एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी पुण्यात लाल महालावर छापा घालून शाहिस्तेखानाला पळवून लावले. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली. या दोन घटनांनी मोगल सत्तेची अब्रू गेली होती. औरंगजेबाने ३० सप्टेंबर १६६४ रोजी मिर्झाराजे जयसिंग यांची दख्खनच्या मोहिमेवर नेमणूक केली. अफगाण सेनानी दिलेरखान त्यांच्यासोबत होता. ही फौज सुमारे १४ हजारांची होती. ३ मार्च १६६५ रोजी जयसिंग पुण्यात पोहोचले.

जयसिंग यांची पद्धत शाहिस्तेखानापेक्षा वेगळी होती. लढाईआधी त्यांनी शत्रूला एकटे पाडण्याची तयारी केली. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, उत्तर कोकणातले छोटे राजे अशा सगळ्यांशी त्यांनी संधान बांधले. महाराजांवर राग असलेल्यांना शोधून जवळ केले. अफजलखानाचा मुलगा फाजलखान त्यांना मिळाला. जावळीच्या मोरे घराण्यातली मंडळीही त्यांच्याकडे गेली. महाराजांच्या अधिकाऱ्यांना पैसे आणि मनसबीचे आमिष दाखवून फोडण्याचे प्रयत्नही सुरू झाले.

म्हणजेच मुरारबाजी ज्या घराण्याच्या चाकरीत होते, त्याच घराण्यातले लोक आता मोगलांच्या बाजूला होते. मुरारबाजींनी वाट बदलली असती, तर जुन्या धन्याकडे परतलो, असे सांगण्याची सोयही त्यांना होती.

पुरंदर निवडण्यामागे लष्करी गणित होते. सासवडच्या नैऋत्येला, पुण्यापासून साधारण ४० किलोमीटरवर असलेला हा किल्ला स्वराज्याच्या पूर्व बाजूची मोठी आघाडी होता. महाराजांच्या सुरुवातीच्या लढायांपैकी फत्तेखानाविरुद्धची १६४८ ची लढाई याच परिसरात झाली होती. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी याच किल्ल्यावर झाला होता. अनेक अधिकाऱ्यांची कुटुंबेही किल्ल्यावर होती. मार्च १६६५ च्या अखेरीस दिलेरखान पुरंदरच्या पायथ्याशी पोहोचला आणि वेढा सुरू झाला. त्याच वेळी दाऊदखान कुरेशीच्या नेतृत्वाखालील मोगल तुकड्या राजगड, सिंहगड आणि रोहिड्याच्या परिसरातली गावे उद्ध्वस्त करत होत्या. बाहेरून मदत येऊ नये, यासाठी ही दुहेरी योजना होती.

सभासद बखरीनुसार मुरारबाजींसोबत एक हजार माणूस होते आणि किल्ल्याची मूळ शिबंदी एक हजारांची होती. या दोन हजार लोकांच्या बचावाची सूत्रे मुरारबाजींच्या हाती होती.

वज्रगड पडला आणि चित्र कसे बदलले?

पुरंदरची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे होते. किल्ल्याचे दोन भाग आहेत. सर्वांत वर बालेकिल्ला आणि त्याखाली उत्तर बाजूला पसरलेली माची. लोकवस्ती आणि शिबंदी मुख्यतः माचीवर असे. पूर्वेला भैरवखिंड आहे आणि खिंडीपलीकडे वज्रगड. याचे दुसरे नाव रुद्रमाळ. वज्रगड बालेकिल्ल्यापेक्षा बुटका आहे, पण तिथून पुरंदरची माची थेट समोर दिसते.

पायथ्यावरून डागलेला तोफगोळा वर जाता जाता जोर गमावतो. तीच तोफ समोरच्या डोंगरावर नेऊन ठेवली, तर गोळा जवळपास सरळ रेषेत जाऊन तटावर आदळतो. त्यामुळे वज्रगड ज्याच्या हाती, त्याच्या टप्प्यात माची. जयसिंग आणि दिलेरखान यांनी हे ओळखले. अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर आणि हाहेली अशी नावे असलेल्या तीन मोठ्या तोफा त्यांनी वज्रगडासमोर चढवल्या. एकेक तोफ डोंगरावर ओढून न्यायला कित्येक दिवस लागले. अखेर तोफांच्या माऱ्याने बुरूज कोसळला आणि १४ एप्रिल १६६५ रोजी वज्रगड मोगलांच्या हाती गेला.

यानंतरची जयसिंग यांची चाल लक्षात घेण्यासारखी आहे. वज्रगडावरच्या शिबंदीला त्यांनी कैद केले नाही. शस्त्रे काढून घेऊन त्यांना सन्मानाने जाऊ दिले. शरण आलात तर जीव वाचेल, हा संदेश पुरंदरवरच्या लोकांपर्यंत पोहोचावा, हा त्यामागचा हेतू होता. दिलेरखानाने पुढे मुरारबाजींपुढे ठेवलेला प्रस्ताव याच धोरणाशी जुळणारा होता.

योगायोग असा की, दीडशे वर्षांनी १८१८ मध्ये इंग्रजांनीही हेच केले. त्यांनी आधी वज्रगड घेतला आणि मग पुरंदरला शरणागती पत्करावी लागली.

७०० मावळ्यांच्या हल्ल्यात नेमके काय झाले?

वज्रगड गेल्यावर माचीवर थेट मारा सुरू झाला. दिलेरखानाने पाच हजार पठाण आणि इतर सैन्य घेऊन डोंगर चढायला सुरुवात केली. तटाआड बसून राहिले, तर तट एक ना एक दिवस फुटणार, हे उघड होते. मुरारबाजींनी बचावाची पद्धत बदलली. त्यांनी ७०० निवडक माणसे घेतली आणि किल्ल्याबाहेर पडून चढून येणाऱ्या फौजेवर हल्ला केला.

बखरीतल्या वर्णनानुसार या झटापटीत ५०० पठाण आणि त्याशिवाय बहेलिया पायदळातले बरेच लोक मारले गेले. मुरारबाजी साठ माणसांसह दिलेरखानापर्यंत घुसले. दिलेरखान हा कसलेला योद्धा होता. समोरचा माणूस सामान्य नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्याने मुरारबाजींना कौल घेण्यास सांगितले. जीव वाचेल आणि वर मोठी नामांकित सरदारी मिळेल, असे आश्वासन दिले.

मुरारबाजींनी हा कौल घ्यायला साफ नकार दिला. आपण शिवाजी महाराजांचे शिपाई आहोत आणि खानाच्या कौलाची आपल्याला गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एवढे बोलून ते खानावर चालून गेले. दिलेरखानाने स्वतः बाण मारला आणि मुरारबाजी पडले. त्यांच्यासोबत ३०० मावळे कामी आले. उरलेले लढत लढत किल्ल्यात परतले. महाराष्ट्रात १६ मे हा दिवस मुरारबाजींचा बलिदान दिन म्हणून पाळला जातो.

प्रस्ताव नाकारण्यामागे काय होते?

फुटबॉलमध्ये एखादा बचावपटू अख्खी कारकीर्द एकाच क्लबकडून खेळतो, तेव्हा चाहते त्याला डोक्यावर घेतात. कारण मोठ्या क्लबचा पैसा समोर असताना जुनी जर्सी न सोडणे सोपे नसते. मुरारबाजींची गोष्ट याच्या जवळची असली, तरी एका बाबतीत वेगळी आहे. ते जन्मापासून एकाच बाजूला नव्हते. त्यांनी धनी बदलला होता. म्हणूनच त्यांच्या नकाराला जास्त वजन आहे.

दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १६५६ मध्ये मोऱ्यांची सत्ता संपली होती आणि लढण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी नवा धनी स्वीकारला. १६६५ मध्ये किल्ला अजून उभा होता. आत आपली माणसे होती, त्यांची बायका-मुले होती. अशा वेळी म्होरक्याने कौल घेतला असता, तर किल्ल्यातल्या प्रत्येकाला तो संदेश गेला असता. पहिल्या वेळी त्यांनी बाजू बदलली, ती हरल्यानंतर. दुसऱ्या वेळी लढाई सुरू असताना बाजू बदलण्याची किंमत मिळत होती आणि ती त्यांनी घेतली नाही. दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान दिसते. ज्याचे मीठ खाल्ले, त्याची लढाई अर्धवट सोडायची नाही.

आणखी एक मुद्दा आहे. मोगलांकडे मिळणारी मनसब ही बादशहाच्या मर्जीवर चालणारी नोकरी होती. मनसबदाराच्या मृत्यूनंतर त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याचा प्रघातही मोगलांकडे होता. स्वराज्यात महाराज वतनांऐवजी रोख पगारावर भर देत होते. म्हणजे मुरारबाजींना इकडे फार मोठी जहागीर मिळालेली होती म्हणून ते राहिले, असेही म्हणता येत नाही.

किल्लेदार पडल्यावर किल्ला पडला का?

सर्वसाधारण अनुभव असा की, म्होरक्या पडला की फौज पळते. पुरंदरवर तसे झाले नाही. एक मुरारबाजी पडला म्हणून काय झाले, आम्हीही तसेच शूर आहोत, अशा जिद्दीने शिबंदी लढत राहिली, असे बखर सांगते. दिलेरखानाने किल्ला घेतल्याशिवाय पागोटे बांधणार नाही, अशी शपथ घेतल्याचेही बखरीत आहे.

पुढची लढाई भीषण होती. मोगलांनी लाकडी दमदमे उभारून त्यावर तोफा आणि बंदूकधारी चढवले. वरून मावळे पेटते तेल, दारूने भरलेल्या कातडी पिशव्या, बॉम्ब आणि मोठे दगड टाकत होते. आधी सफेद बुरूज गेला. मग काळ्या बुरुजामागच्या दारूसाठ्याचा स्फोट होऊन सुमारे ८० मराठे ठार झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माचीचे पाच बुरूज मोगलांच्या हाती गेले होते. बालेकिल्ला मात्र अजून झुंजत होता.

इथे महाराजांनी निर्णय घेतला. माची गेल्यावर बालेकिल्ला फार काळ टिकणार नव्हता. किल्ला लढून पडला, तर आतल्या कुटुंबांची विटंबना होण्याची भीती होती. ११ जून १६६५ रोजी महाराज जयसिंग यांच्या छावणीत जाऊन त्यांना भेटले. १२ जूनला पुरंदरवरून सुमारे सात हजार लोक खाली उतरले, त्यात लढणारे सुमारे चार हजार होते. हा आकडा जयसिंग यांच्या पत्रांतून आलेला आहे. बखरीतल्या दोन हजारांपेक्षा तो जास्त आहे. वेढा सुरू असतानाही मराठ्यांनी किल्ल्यात कुमक पोहोचवली होती, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

मग हे बलिदान वाया गेले का?

हा प्रश्न टाळता येत नाही. पुरंदरच्या तहात २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. ज्या पुरंदरसाठी मुरारबाजी पडले, तो त्यांच्यानंतर काही आठवड्यांतच शत्रूच्या ताब्यात गेला. वरवर पाहिले तर हा निव्वळ पराभव होता.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. वेढा सुमारे अडीच महिने चालला. एवढ्या काळात मोगलांना किल्ला तलवारीच्या जोरावर पूर्ण घेता आला नाही. शेवट तहाने झाला. महाराजांकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. राजगड, तोरणा आणि रायगड त्यात होते. मुख्य म्हणजे पुरंदरवरचे हजारो लोक जिवंत बाहेर पडले. दमलेल्या, पण न मोडलेल्या शिबंदीच्या जोरावर केलेला तह आणि पूर्ण शरणागती यांत फरक असतो. तो फरक निर्माण करणाऱ्यांमध्ये मुरारबाजी आणि त्यांचे ७०० सोबती होते.

तहानंतर महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले आणि तिथल्या कैदेतून निसटून परतले. दिलेले किल्ले परत घेण्याची मोहीम १६७० मध्ये सुरू झाली. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला आणि त्यात ते कामी आले. तहात दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी कोंढाणा हा एक होता. मार्च १६७० मध्ये पुरंदरही स्वराज्यात परत आला.

तानाजींचे गाव पोलादपूर तालुक्यातील उमरठ. त्यांची समाधी तिथेच आहे. म्हणजे पुरंदर राखताना महाडचा माणूस पडला आणि त्या तहात गेलेला कोंढाणा परत आणताना पोलादपूरचा. दोन शेजारच्या तालुक्यांतल्या या दोन कथा आपण सहसा वेगवेगळ्या वाचतो. प्रत्यक्षात त्या एकाच पराभवाच्या आणि त्यातून उभे राहण्याच्या कथेची दोन टोके आहेत. आणि ज्या रायरीवरून मुरारबाजींच्या जुन्या धन्याला खाली उतरावे लागले, त्याच रायगडावर ६ जून १६७४ रोजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

बाजीप्रभू आणि मुरारबाजी यांच्यात गोंधळ का होतो?

सोशल मीडियावर अनेकदा या दोघांची नावे, तारखा आणि चित्रे एकमेकांत मिसळलेली दिसतात. आडनाव एकच, समाज एकच, नावात बाजी समान आणि दोघांचाही शेवट लढताना झालेला. पण या व्यक्ती वेगळ्या आहेत.

• बाजीप्रभू देशपांडे : हिरडस मावळ, आजचा भोर परिसर. १३ जुलै १६६० रोजी पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांची वाट राखताना घोडखिंडीत मृत्यू. हीच खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली गेली. समोर आदिलशाही फौज.

• मुरारबाजी देशपांडे : महाड परिसर, आधी जावळीच्या मोऱ्यांकडे. १६६५ मध्ये पुरंदर राखताना मृत्यू. समोर मोगल फौज.

इतिहास किती आणि आख्यायिका किती?

मुरारबाजींविषयीची सर्वांत महत्त्वाची मराठी नोंद सभासद बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ती १६९७ मध्ये जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे घटनेनंतर ३२ वर्षांनी. लेखक महाराजांच्या दरबारात वावरलेला होता, त्यामुळे तिचे मोल मोठे आहे. मात्र आकडे आणि संवाद यांत बखरीची शैली उतरलेली असणार, हे गृहीत धरावे लागते.

वेढ्याच्या तारखा, तोफा, बुरूज आणि तहाचा तपशील प्रामुख्याने जयसिंग यांच्या फारसी पत्रव्यवहारातून मिळतो. त्यांचे चिटणीस उदयराज यांच्याकडील ही पत्रे हफ्त अंजुमन या नावाने ओळखली जातात. एक बाजू किल्ल्यातल्यांची आठवण सांगते, दुसरी वेढा घालणाऱ्यांचा अहवाल. दोन्ही एकत्र ठेवल्यावर चित्र पूर्ण होते.

शिर तुटल्यावरही मुरारबाजींचे धड लढत राहिले, असे वर्णन काही लोकप्रिय कथांमध्ये येते. सभासद बखरीत मात्र त्यांचा मृत्यू बाणाने झाल्याचे सरळ वर्णन आहे. त्या प्रसंगाला वेगळ्या चमत्काराची गरजही नाही.

आज या खुणा कुठे पाहता येतात?

पुरंदरच्या माचीवर मुरारबाजींचा पुतळा आहे. दोन्ही हातांत शस्त्र घेतलेल्या आवेशातला हा पुतळा किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराच्या अखत्यारीत असल्याने सोबत ओळखपत्र ठेवावे लागते आणि ठरलेल्या वेळेतच प्रवेश मिळतो. वज्रगड पुरंदरवरून स्पष्ट दिसतो. माचीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की वज्रगड हातचा गेल्यावर मुरारबाजींना तटाबाहेर का पडावे लागले असेल, याचा अंदाज येतो.

महाडच्या बाजूने निघालात तर रायगड, पोलादपूर तालुक्यातले उमरठ आणि माथ्यावरचा प्रतापगड ही ठिकाणे एका दिवसाच्या टप्प्यात येतात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या हजारो गाड्या रोज महाड आणि पोलादपूरचे फाटे मागे टाकून पुढे जातात. रायगडाकडे वळणाऱ्यांपैकी किंजळोलीचे नाव फार थोड्यांच्या कानावर असते. पुरंदरवर जाऊन पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्यांपैकीही हा माणूस सह्याद्रीच्या पलीकडून, सावित्रीच्या खोऱ्यातून आला होता, हे अनेकांना माहीत नसते. पुढच्या वेळी वरंध घाट चढताना हे लक्षात असू द्या. महाडहून निघालेला माणूस पुरंदरच्या बाजूला जातो, तो आजही त्याच डोंगररांगा ओलांडून.